घडीतली शाई

इतिहासाच्या बाई खुर्चीच्या कडेला टेकल्या. "संध्याकाळपर्यंत पत्र परत केलं नाही तर नोकरी जाईल, वर पोलीसही येतील. मी नाही हो चोरलं!"

दाजींनी मान वर केली नाही. चोर शोधता शोधता त्यांना एकूण माणसांचाच वीट आला होता. हळहळायला त्यांचा मेहुणा होता.

गुरुवारी पहिल्या तासाला बाईंनी शाळेच्या संस्थापकांचं जुनं हस्तलिखित पत्र वर्गाला अभ्यासायला दिलं आणि नंतर तज्ज्ञाच्या तपासणीसाठी ग्रंथालयात पोचवलं. शुक्रवारी तज्ज्ञानं पाहिलं, तर ती नक्कल!

ग्रंथालयात ग्रंथपालांनी जुनी नोंदवही पुढे सरकवली; अस्सल पत्राची नोंद होती, 'घड्यांवर अक्षरं झिजलेली.'

"एरवी पत्र कुठं असतं?" दाजींनी विचारलं.

"मुख्याध्यापकांच्या कपाटात. किल्ली त्यांच्याकडेच."

मुख्याध्यापक छाती काढून बोलले. "मी स्वतः काढलं, वर्गात नेलं, मुलांपुढे ठेवलं. भिंगातून पाहिलंय, अस्सल होतं! तासभर मागच्या बाकावर बसलो होतो. नंतर बाई घेऊन गेल्या."

"म्हणजे बाईंनी वाटेत बदललं," मेहुणा कुजबुजला.

"तुझं डोकं टोपीपुरतंच," दाजी म्हणाले. "बाई, मुलांनी काय केलं?"

"माझी पद्धत आहे. मजकूर वाचण्याआधी पंधरा मिनिटं नुसता कागद पाहायचा, दिसेल ते लिहायचं."

तीस उत्तरपत्रिका आल्या. प्रत्येकीवर लाल 'बरोबर'. दाजींनी एक मेहुण्यापुढे धरली. 'घडीत शाई पसरली आहे.' बावीस जणांनी हेच लिहिलं होतं.

"मग?" मेहुणा म्हणाला.

दाजी मुख्याध्यापकांकडे वळले. "शहाणा माणूस आधी पत्र लिहितो, मग घडी घालतो. कालांतरानं घडीवरची अक्षरं झिजतात. शाई घडीत पसरली, म्हणजे घडी आधी आणि लिहिणं नंतर. कागद जुना दिसावा म्हणून नक्कल करणाऱ्यानं आधीच घड्या पाडल्या. मुलांनी हे टिपलं, तेव्हा पत्र नुकतंच तुमच्या हातून वर्गात आलं होतं, सर. बाईंनी ते नेलं त्यानंतर. भिंगातून पाहून 'अस्सल' म्हणालात, ती थाप. किल्ली तुमच्याकडेच आहे, कपाटाचा खण उघडा."

खणात अस्सल पत्र निघालं, एका संग्राहकाचा पत्ता लिहिलेल्या पाकिटात. मुख्याध्यापकांची छाती आत गेली.

बाईंचे डोळे भरून आले. "तुमचे उपकार..."

"माझे कसले? बावीस मुलांनी चोर गुरुवारीच पकडला होता." दाजींनी गठ्ठा त्यांच्यापुढे टाकला. "तुम्ही न वाचता 'बरोबर' करत सुटलात. पाहायला शिकवता म्हणे!"

मेहुण्याला वाटलं, आता बाई चिडतील. पण त्या खाली बसल्या, पहिला कागद उचलला आणि वाचू लागल्या.