मागीलप्रमाणे

आमच्या पेन्शन कचेरीच्या फॉर्ममध्ये नववा रकाना आहे : ‘शरीरावरील ओळखीच्या खुणा’. पेन्शनर दरवर्षी हयातीच्या दाखल्यासाठी समक्ष येतो आणि तो तोच आहे, हे या रकान्यावरून ठरतं. बाकीचे कारकून सरसकट ‘डाग’ लिहून मोकळे होतात. मला ते खपत नाही. डाग कपड्याला पडतो, चरा फरशीला जातो. माणसाच्या कातडीसाठी मी टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठीच ठेवली आहे : वण, व्रण, चट्टा, ओरखडा, खोक, भाजल्याची खूण, टाक्यांची खूण. जखम ओली असेल तर व्रण, भरून नुसती खूण उरली असेल तर वण. साहेब मला ‘शब्दकोश’ म्हणतात. कौतुकाने नव्हे.

एकदा एका आजींनी विचारलं होतं, “मनावरचा वण कुठल्या रकान्यात लिहिता?”

“त्याला जागा नाही, आजी.”

“मग फॉर्म अर्धाच आहे की तुमचा,” म्हणाल्या आणि सही करून गेल्या.

मोजणीदार माझ्या टेबलावर पहिल्यांदा आले, तेव्हा माझी लेक सहा वर्षांची होती. आयुष्यभर जमिनी मोजून निवृत्त झालेला, काटकुळा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. त्यांनी माझ्या हातची पट्टी मागून घेतली, स्वतःच्या डाव्या भुवईवर धरली आणि म्हणाले, “पाऊण इंच. तिरका. लिहा.” मला असा माणूस नोकरीत पहिल्यांदाच भेटत होता. मी आनंदाने लिहिलं. त्याच आठवड्यात लेक शाळेच्या दगडी जिन्यावरून तोंडावर पडली आणि कपडे झटकून उठली. बाई सांगत होत्या, भुवई पायरीच्या कडेवरच आपटली होती. साधं खरचटलंही नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांच्या हातावर कोपराखाली भाजल्याची खूण होती. मी लिहिली. चार दिवसांनी उकळत्या पाण्याचं पातेलं लेकीच्या हातावर उलटलं. फ्रॉकच्या बाहीतून वाफ निघत होती आणि आतली कातडी जशीच्या तशी होती. तिसऱ्या वर्षी पोटरीवर कुत्र्याच्या दातांचे वण. मी दुसऱ्याच दिवसापासून लेकीला शाळेत सोडायला जायला लागले, तरी कुत्र्याने तिला धरलंच. मोजा फाटला, एवढंच.

मी अंधश्रद्धाळू बाई नाही. योगायोग म्हणतात ते असेच असतात, असं मी स्वतःला समजावलं. पण घरी पातेलं घासताना मला रडू आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. कुणाचे तरी फार उपकार झाले होते, एवढं मला कळत होतं.

चौथ्या वर्षी मात्र मी चुकले. तो मुदतीचा शेवटचा दिवस होता, रांग फाटकाबाहेर गेली होती आणि साहेब पाठीशी उभे राहून घड्याळ बघत होते. मोजणीदारांचा फॉर्म आला आणि मी मान वर न करता नवव्या रकान्यात ‘मागीलप्रमाणे’ असं लिहून टाकलं. बारा वर्षांत मी तो शब्द कधी वापरला नव्हता.

त्यांनी उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. “बाई, हे बोट राहिलं.”

“पुढच्या वर्षी घेऊ, आजोबा.”

त्यांनी बोट मिटून घेतलं आणि निघून गेले. संध्याकाळी शेजारच्यांच्या लोखंडी दारात लेकीची तर्जनी सापडली. सात टाके पडले.

पुढच्या वर्षी आधी मी त्यांचं बोट पाहिलं. कोरं होतं.

“राहिलं ते राहिलं,” ते म्हणाले. “लेक बरी आहे ना?”

मला लेक आहे, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

लेक अकरा वर्षांची असताना तिला ताप आला, आणि तपासता तपासता हृदयाला भोक असल्याचं निघालं. ऑपरेशन गुरुवारी ठरलं. “वाचेल का?” मी विचारलं. डॉक्टर प्रामाणिक होते. “आत्ता सांगता येणार नाही,” म्हणाले.

सोमवारी मी रजेचा अर्ज द्यायला कचेरीत गेले, तर माझ्या टेबलासमोर मोजणीदार बसलेले. त्यांचा महिना यायला अजून अर्धं वर्ष होतं.

“अवेळी दाखला घेता येत नाही,” साहेब म्हणाले.

“मी घेते,” मी म्हटलं. साहेबांनी माझं तोंड पाहिलं आणि ते आत गेले.

मोजणीदारांनी शर्टाची बटणं काढली. छातीच्या मधोमध, गळ्याच्या खाचेपासून खाली, सरळ रेघ. दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा. मी पट्टी लावली. सात इंच. त्यांच्या कपाळावर घाम होता.

“दुखतंय का, आजोबा?”

“नाही.”

मी पेन टेकवलं तशी त्यांनी मान पुढे केली. “व्रण नका लिहू. वण लिहा. जुना.”

मी वण लिहिलं. जुना. त्यांनी पट्टी स्वतःच उचलली, तिची ओलसर कड बाहीला पुसली आणि मला परत दिली.

मला आभार मानायचे होते, पण शब्दकोशबाईला एक शब्द सापडेना. मी त्यांना नुसतं पाणी दिलं.

“वेळेत आलो, हे बरं झालं,” ते म्हणाले.

बुधवारी पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. “पहिल्या वेळी आमचंच काहीतरी चुकलं असणार,” म्हणाले. “भोक नाहीच.”

त्यानंतर आठ वर्षं मोजणीदार येत राहिले. नवीन खूण नाही. दरवर्षी मी चारही वण नव्याने पाहिले, मोजले आणि पूर्ण लिहिले. त्या रकान्याइतकं मनापासून मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही.

गेल्या शुक्रवारी त्यांचा मुलगा आला. मोजणीदार मंगळवारी सकाळी गेले होते.

“एक अडचण आहे,” तो म्हणाला. “हॉस्पिटलवाले म्हणतात, तुमच्या कागदावरच्या खुणा जुळत नाहीत. मी स्वतः त्यांचं अंग पुसलं. सोमवारपर्यंत होते सगळे वण. मंगळवारी एकही नव्हता.”

“कागद बरोबर आहे,” मी म्हटलं आणि तसा दाखला लिहून दिला.

मग बेसिनवर तोंड धुवायला गेले. आरशात माझ्या डाव्या भुवईवर पाऊण इंचाचा, तिरका वण होता.

घरी जाऊन दार लावलं आणि बाकीचे पाहिले. हात. पोटरी. छाती, सात इंच. एकही दुखत नव्हता. मी प्रत्येकावरून बोट फिरवलं. आभार मानायचे राहिले होते, ते तेव्हा मानले.

तर्जनी कोरीच होती.

आज सकाळी लेक मैत्रिणीबरोबर मोटरसायकलवरून निघाली. चार तासांचा रस्ता आहे. ती कोपऱ्यावर वळली आणि मला उजव्या कानामागे काहीतरी जाणवलं.

मी तडक कचेरीत आले. माझी सेवापुस्तिका काढून शेजारच्या टेबलावरच्या बाईपुढे ठेवली.

“खुणांचा रकाना भर.”

“मागीलप्रमाणे लिहिते ना.”

“नाही. नीट बघ. पट्टी घे.”

मी केस बाजूला घेतले. तिने पट्टी लावली.

“दोन इंच. अगं, दुखतंय का?”

“नाही. वण लिही. जुना.”

तिने लिहिलं. शेवटच्या अक्षरापर्यंत मी तिच्या हाताकडे बघत होते. मग तिच्या आधी मीच पट्टी उचलली आणि तिची कड बाहीला पुसली.