दादाचा अभिप्राय

"दादा, हा फॉर्म तुला भरायचाय," असं म्हणून क्षितिजानं भावाच्या बशीशेजारी मोबाईल ठेवला, आणि यतीनच्या घरात रविवारचे पोहे पहिल्यांदाच गार झाले.

फॉर्म मालदीवच्या एका रिसॉर्टचा होता. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांची सरबराई करायला त्यांना हिंदी बोलणारी अनुभवी बाई हवी होती. क्षितिजानं दोन मुलाखती लॉजच्या रिकाम्या खोलीत दार लावून, कुणाला न सांगता मोबाईलवर दिल्या होत्या, आणि ती त्यांच्या पसंतीसही उतरली होती. आता एवढंच उरलं होतं, की मंगळवारपर्यंत मागच्या मालकाचा अभिप्राय गेला नाही, तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती... आणि तिचा मालक म्हणजे सख्खा भाऊ!

हिंदी मुलखातल्या स्नेहलतागंजमधलं, स्टेशनजवळचं हे चौदा खोल्यांचं लॉज वडिलांनी, चिंतामणरावांनी, काढलेलं. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा यतीनचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं आणि क्षितिजाचं पुण्याला हॉटेल मॅनेजमेंटचं पहिलं. दोघांपैकी एकानं घरी यायला हवं होतं. सहा महिन्यांसाठी म्हणून ती आली... वडील गेले, यतीनला नोकरी लागली, सुटली, तो परतला, त्याचं नाव पाटीवर चढलं, लग्न झालं, एकोणीस वर्षं लोटली, आणि हिचे ते सहा महिने काही संपेनात! रेल्वेगाडीनं येणारे पाहुणे, चादरी, रजिस्टर, रुसलेला आचारी, सगळं तिच्या गळ्यात. या कोण, असं कुणी विचारलं की यतीन अगदी मायेनं सांगे, "माझी बहीण. मदत करते."

ती त्यावर कधी बोलली नाही. बोलली नाही म्हणजे लागलं नाही, असं मात्र नव्हे. ते 'मदत करते' तिच्या अंतःकरणात खोल रुतून बसलं होतं, आणि वरून ती पाहुण्यांना चहा विचारत होती.

यतीननं फॉर्म वाचला. पद, नोकरीचा काळ, सोडण्याचं कारण.

"अरे यार क्षिती, तू नोकरी करतेस क्या इथं? घरचंच तर आहे सगळं. लोक म्हणतील, बहिणीला घालवून दिली."

सोनलवहिनीनं हळूच नणंदेची बाजू घेतली, तर तिलाही त्यानं गप्प केलं. क्षितिजा शांतपणे म्हणाली, "दादा, आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. जे खरं आहे तेवढं लिही, बस."

"देखते हैं," असं म्हणून तो उठला. हे उत्तर त्यानं आजवर ज्याला ज्याला दिलं, त्याचं काम कधीच झालेलं नव्हतं.

सोमवारी ती सियागंजच्या बाजारातून साबण-फिनाईल घेऊन परतली, तर काउंटरवर सगळी जुनी रजिस्टरं उघडी पडली होती आणि यतीन त्यांत डोकं घालून बसला होता. तिला पाहताच त्यानं घाईघाईनं ती मिटली. माझ्या चुका शोधतोय! तिच्या मनात आलं, आणि इतक्या वर्षांत प्रथमच तिला भावाचा राग आला.

मंगळवारी दुपारी रिसॉर्टमधल्या बाईंचा फोन आला. अभिप्राय मिळाला होता. मात्र 'हिला पुन्हा कामावर घ्याल का?' या प्रश्नापुढे भावानं 'नाही' लिहिलं होतं. क्षितिजा जिन्याच्या पायरीवर बसली. खाली बराच मजकूर आहे, बाई म्हणाल्या, पण तो त्यांच्या भाषेत, आम्हाला वाचता येत नाही. तुम्हीच सांगा काय आहे ते. पाठोपाठ त्यांनी त्याचा फोटो पाठवला.

एरवी यतीनच्या बोलण्यात निम्मी हिंदी असे. मनातलं सांगायचं झालं की तेवढा तो मराठीवर येई.

"क्षितिजानं इथं नोकरी कधी केली नाही. तारीख शोधायला रजिस्टरं काढली, तर एकोणीस वर्षांत माझ्या अक्षरातलं एक पान सापडलं नाही. लॉज ती चालवते. मी मदत करतो. ती सहा महिन्यांसाठी आली होती, मी तिला जाऊ दिलं नाही. आता पुन्हा कामावर घेणार नाही. येईल ती माहेरी येईल, खोली नंबर एकमध्ये राहील आणि चहा मी देईन."

अक्षरं पुसट झाली... बाई पलीकडून विचारत होत्या, काय लिहिलंय? क्षितिजाचं इंग्रजी चांगलं होतं, पण हे तिनं सांगायचं नव्हतं. ती उठली, काउंटरपाशी गेली आणि चालू फोन तिनं भावापुढे धरला.

"दादा, तूच सांग."

यतीन अडखळत, थांबत, इंग्रजीत सांगू लागला. तेवढ्यात बॅग ओढत एक म्हातारं जोडपं दारात आलं आणि सवयीनं तिच्याकडेच वळलं, "दीदी, रूम मिलेगा?" क्षितिजाचा हात रजिस्टरकडे गेला.

यतीननं ते स्वतःकडे ओढलं, फोन खांद्यानं कानाशी दाबला आणि पाहुण्यांचं नाव विचारून लिहायला घेतलं. त्याचं अक्षर फार वाईट होतं.