पहिल्या फेरीची रीत

जयसिंगाची तरंगगाडी पहिल्यांदा आमच्या पठारावर उतरली, तवा मी त्याला शिवीच हासडली व्हती. उतरायला यवढा कातळ पडलाय, आन् हा उतरला माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यावर.

"लुगडं कुनाचं म्हनायचं?" खाली उडी मारत त्यानं इचारलं.

"आता लुगडं कुटं ऱ्हायलंय? चिंधी झाली. घ्या गाडी पुसायला."

तो हसला. उन्हानं रापलेलं तोंड, कपाळावर ग्रीसचा पट्टा... आन् हसला की येकाच गालाला खळी. मला तवाच राग आला. असं हसायचं काय काम व्हतं?

माले गावाच्या वर, घाटाच्या तोंडाला हे पठार. चैत्रात हितं गवताची काडी न्हाई की हातभर सावली न्हाई. कोकनातनं मीठ, सुकट घेऊन पुन्याला उडनाऱ्या तरंगगाड्या घाट चढून येतात. त्यांच्या पोटात भोवरा फिरतो म्हनून त्या हवेत ऱ्हातात, आन् चढाला तोच भोवरा तापतो. त्यांच्यासाठी माझ्या बापानं, आबांनी, महाराष्ट्र राज्य झालं त्या साली, हितं दुरुस्तीचं दुकान टाकलं. आबांचे डोळे गेले तवापास्नं पाना माझ्या हातात हाय.

दुकानाची रीत येकच. ज्यानं गाडी नीट केली, त्यानं पहिल्या फेरीला आत बसायचं. खालच्या धरनाच्या पान्यावरून येक घिरटी. काम कच्चं असंल तर आपन बी पडायचं. ह्या रीतीवरच ह्या लायनीवर गाड्या उडवनारी समदी मानसं डोळे झाकून आमच्याकडं यायची.

जयसिंगाच्या भोवऱ्याचं कडं ढिलं झालं व्हतं. मी आवळलं आन् शेजारी बसले. खाली पानी, वर ऊन, आन् हा समोर बघायचं सोडून माझ्याकडं बघतोय.

"म्होरं बघा," मी म्हनले.

"म्होरं डोंगरच हायेत. रोजचेच."

"मी बी हितं रोजचीच हाय."

"तुमी मला कुटं रोज दिसता?"

बोलायला लई गोड. आठ दिसांनी परत आला, कडं परत ढिलं. मंग परत. दर खेपेला घिरटी वाढत गेली... येकदा तर पार ताम्हिनीपातूर. मला बी गोड लागत व्हतं, खोटं कशाला बोलू? रात्री पडल्यावर मी माझ्याच हाताचा वास घ्यायची. ग्रीसचाच असायचा, तरी बरा वाटायचा.

पर बाकीच्या गाड्या येईनाशा झाल्या. डोक्यावरनं उडत जायच्या, खाली बघायच्या सुदीक न्हाईत. शेवटी मीठवाला भैरू उतरला, तो बी निस्तं पानी प्यायला. मी खोदून इचारलं तवा बोलला, "तानू, राग मानू नगंस. लायनीवर बोलतात, माल्याचं काम टिकत न्हाई. जयसिंगाची गाडी बघ की, चारदा तेच कडं. आबांच्या लेकीचा हात बसला न्हाई म्हनतात."

आबा खाटंवर बसून ऐकत व्हते. त्या दिशी ते जेवले न्हाईत.

मंग जयसिंग आला. कडं ढिलं. ह्या खेपेला मी कड्याचा नट काढून उजेडात धरून बघितला. मी पान्याला चिंधी गुंडाळून नट आवळते, आबांनी तसंच शिकवलंय. माझ्या नटाला ओरखडा नसतो. ह्याच्यावर पकडीचे दात उठले व्हते.

"तुझी पेटी उघड," मी म्हनले.

"आज 'तुझी' म्हनलीस..." तो हसाया लागला.

"उघड म्हनते ना."

पेटीत पक्कड व्हती. त्याचं हसू गेलं. "तानू, फेरीसाठी केलं. तू शेजारी बसावीस म्हनून. हितं यायच्या आधी घाटाखाली थांबून उलीसं ढिलं करायचो, येवढंच."

"येवढंच?" माझा आवाज मलाच वळखू येईना. "माझ्या बापाचं नाव मातीत घातलंस, आन् वर येवढंच? पावसाळ्याआधी दुकान बंद पडंल. मंग मी काय तुझी खळी चाटू?"

"चुकलं माझं."

"मला नगं सांगू. लायनीवर गाड्या उतरतात त्या प्रत्येक तळावर जा आन् समद्यांच्या म्होरं सांग. तवर तोंड दावू नगंस."

सोताची गाडी बिघडवनाऱ्याचा चालवायचा बिल्ला जातो. त्याला ठावं व्हतं, मला बी व्हतं. तो गेला. मी पाना कातळावर आपटला, मंग बसून रडले. राग त्याचा व्हता, आन् मला हवा बी तोच व्हता.

पंध्रवड्यानं भैरू उतरला. आता त्याच्या भोवऱ्याचं कडं खरंच ढिलं झालं व्हतं. "समद्या तळांवर सांगत फिरला गं तो," म्हनला. "बिल्ला काढून घेतला, गाडी बी गेली."

"बरं झालं," मी म्हनले आन् आत जाऊन उगंच डबे आपटले.

भैरू गाडीतनं सामान काढतोय तवर घाटाच्या वाटंनं जयसिंग चालत आला. वहाना हातात, पाय सोललेले.

"गाडी न्हाई, बिल्ला न्हाई," तो म्हनला. "काम देशील?"

मी चिंधी त्याच्या अंगावर फेकली. "पान्याला गुंडाळ. कडं आवळ. ओरखडा दिसला तर आल्या वाटंनं खाली."

मी त्याच्या डोक्याशी उभी ऱ्हायले आन् हरेक आट्याला बोल लावले. त्यानं वर तोंड केलं न्हाई. आबांनी नटावरनं बोट फिरवलं आन् मान हलवली.

"मंग बस, जयसिंग," आबा म्हनले. "रीत हाय."

भैरूनं भोवरा सुरू केला. जयसिंग मागं बसला. मी पदर खोचला आन् त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"तानू, तू कशापायी?" खालनं माझी चाहूल घेत आबांनी इचारलं. "काम त्यानं केलंय."

मी बाजूचा दांडा धरला. गाडी उचलली, कातळ खाली गेला. जयसिंग हळूच म्हनला, "माझ्या कामाचा भरोसा न्हाई तुला. व्हय ना?"

"भरोसा नसता तर खाली उभी ऱ्हायले असते," मी म्हनले. "आता गप बस. आन् म्होरं बघ."