लार्ज फ्रेमच्या मापाची पाठ

डोंगरी सायकलींच्या चाचणीशाळेत चाचणीसाठी सायकल चालवणाऱ्या केतकी जाधवरावची उंची पुन्हा मोजली, तेव्हा तिथे सायकली निवडून देणाऱ्या सुधन्वा रेगेने टेप दोनदा तपासली. काही आठवड्यांत ती दोन बोटं वाढली होती. तिशी उलटल्यावर माणूस आडवा वाढतो, उभा नाही.

अपघातात केतकीचे काही मणके चुरडले होते. त्या जागी डॉ. मृणाल चितळे यांनी घडणशील मणके बसवले. शेजारच्या मज्जातंतूंमधली वेदना ते ओळखत आणि ती थांबेपर्यंत हळूहळू आपला आकार बदलत. त्यांच्याच जोरावर केतकी पुन्हा सायकलवर बसली. तिची नवी माउंटन बाइक सुधन्वाने निवडली, तीही नुसती उंची पाहून. लार्ज फ्रेम. केतकीचे पाय लांब, धड मात्र आखूड. हँडल गाठायला तिला ताणून ओणवं व्हावं लागे. सुरुवातीला तिने पाठ दुखते म्हणून कुरकुर केली, मग ती थांबली. सगळे म्हणाले, सवय झाली.

"सवय नाही," मृणालताई एक्स-रे उजेडात धरून म्हणाल्या. "पाठ फ्रेमच्या मापाची झालीय. फ्रेम हलत नाही, म्हणून मणके हलले. वेदना थांबवायची, एवढंच त्यांना कळतं."

"पण तिला आराम आहे ना?" सुधन्वाने चाचरत विचारलं.

"मणके वाढले, आतला मज्जारज्जू वाढत नाही. तो ताणला जातोय. इतका, की आता मणके काढायला शस्त्रक्रियाही करता येणार नाही."

केतकी एक्स-रेकडे बघत होती. आपल्याला चालता येईल ना, एवढंच तिने विचारलं. तिला भयंकर भीती वाटत होती.

मृणालताईंनी एकच उपाय सांगितला. तिला जागेवर घट्ट रोवलेल्या स्मॉल फ्रेमच्या सायकलवर बसवायचं. आखडून बसल्याने पाठ दुखेल आणि ते दुखणं थांबवायला मणके आखूड होतील. पहिल्या दिवशी केतकी कळवळून रडली. सुधन्वाला तिच्याकडे बघवेना, तरी तिची वेदना मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरचा आकडा चढताना पाहून त्याला हायसं वाटलं.

दुसऱ्या सकाळी आकडा उतरत उतरत शून्यावर आला. मज्जारज्जूला धक्का बसू नये म्हणून चालायची मनाई असल्याने दोघांनी केतकीला उचलून सीटवर बसवलं. कळ येणार म्हणून तिने डोळे घट्ट मिटले. आकडा शून्यावरच राहिला.

सुधन्वा हसला. मृणालताईंनी मात्र सकाळीच काढलेला नवा एक्स-रे उजेडात धरला. मणके आखूड झाले नव्हते, आणखी वाढले होते. वेदना थांबवायला आखूड होणं हा लांबचा रस्ता होता. मज्जारज्जू आधीच ताणलेला. अजून थोडं ताणलं की वेदना वर मेंदूपर्यंत पोचतच नाही.

"दादा," डोळे न उघडता केतकी म्हणाली, "बसवताय ना मला? किती वेळ असं अधांतरी धरून ठेवणार?"