चौथा पाय

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेले लटारू सर त्या दुपारी कपडे धुण्याच्या मशीनवर भडकले होते, आणि त्याहून जास्त आपल्या मुलीवर.

"पप्पा, कंपनावर पीएचडी केली तुमी, अन् मशीन न्हाणीभर नाचून राह्यली!" रश्मी दारातून म्हणाली. "परवा गॅस चालू ठेवला. आता हेही नाई जमलं, तं आजच्या गाडीनं माह्यासंग नागपूरले चला. घराले कुलूप."

"जमते मले!" सर ओरडले. ओरडून झाल्यावर शंका आली. जमेल ना?

सरांची बायको अंजनाबाई होत्या तोवर मशीन नाचत नसे. ती कपडे पिळायला लागली की बाई सरांच्याच चपला पायात सरकवून येत. पाऊल सरांएवढं, बायकांच्या चपला त्यांना कधी बसल्याच नाहीत. दोन्ही हातांनी मशीन दाबून धरत आणि म्हणत, "तुमी राहू द्या." बाई गेल्या, पण ते 'राहू द्या' सरांना अजून झोंबत होतं.

त्यांनी मशीन रिकामी फिरवून पाहिली. तरी नाचली, म्हणजे दोष कपड्यांचा नव्हता. फरशीवर पाणी ओतून पाहिलं, फरशी सपाट. मग मशीन मागे भिंतीला टेकवून ते वाकले. पुढच्या एका पायाचे आटे झिजले होते. तो पाय काढून त्यांनी खिशात टाकला आणि टेकण द्यायला विटेचा तुकडा आणायला अंगणात गेले.

परत येतात तो मशीन सुरू! रश्मीनं ती सरळ करून ओले कपडे पिळायला टाकले होते. आत घरघर चालली होती, पण मशीन तसूभरही हलत नव्हती.

"झाली का नाई दुरुस्त! इतकी चूप तं आईच्या हातानंही नोती राह्यत."

सरांनी खिसा चाचपला. पाय खिशातच होता. मशीनचा तो कोपरा फरशीपासून चार बोटं वर, अधांतरी होता.

नळीचं पाणी फरशीवर पसरत होतं. त्या कोपऱ्यासमोर मात्र दोन जागा कोरड्याच राहिल्या... पावलांच्या आकाराच्या. बोटं मशीनकडे.

सरांच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. मेल्यावरही ही मला एक काम करू देत नाही!

"सोड..." ते दात खाऊन पुटपुटले. "मी करतो."

"काय म्हणाले?"

खरंच सोडलं, तर मशीन इथंच कोसळेल. मग घराला कुलूप.

"काई नाई. तू निघ. गाडी चुकन तुही."

"राहा मंग आपल्या महालात!" रश्मी हसली, पिशवी उचलून निघाली. फाटक वाजलं.

मशीन थांबली. अधांतरी कोपरा हळूच, आवाज न करता फरशीवर टेकला.

कोरड्या जागांवर पाणी आलं. मग आणखी दोन जागा कोरड्या झाल्या... सरांच्या पुढ्यात. आता बोटं त्यांच्याकडे होती.

सरांनी आपल्या, अंजनाबाईंनाही नेमक्या बसणाऱ्या चपलेकडे पाहिलं. मग त्या पावलांकडे. ती दोन्ही पावलं त्या एका चपलेत मावली असती.