क्लिफची राहिलेली सही

शपथेवर सांगते, यातलं एक अक्षरही मी बनवलेलं नाही. आणि मी भित्री नाही हं! यंदापासून शाळेच्या वादविवाद संघाची कॅप्टन आहे मी.

गेल्या ईस्टरची गोष्ट. गुड फ्रायडे, भर दुपार. टास्मानियातलं सेंट हेलेन्स, जोसलिन मावशीचं स्वयंपाकघर.

मावशी आणि क्लिफ चौदा वर्षं एकत्र राहिले. लग्न नाही. क्लिफ समुद्रात कालवं, म्हणजे खायचे शिंपले, वाढवायचा. घर त्याच्या एकट्याच्या नावावर. म्हणून त्यानेच करार लिहून घेतला होता. त्याच्यामागे घर मावशीचं. सात पानं. दोघांनी आपापल्या वेगळ्या वकिलाचा सल्ला घ्यायचा, मग सही करायची. एवढंच उरलं होतं.

मावशी आठवण करून द्यायची. तो म्हणायचा, "होईल गं जॉस. एवढा हंगाम संपू दे."

फेब्रुवारीत त्याची होडी उलटली.

जुन्या मृत्युपत्रात सगळं भावाला. वॉरिकला.

"पण लिहिलंय ना सगळं!" मी मावशीच्या वकीलबाईंशी भांडले.

"लिहिलंय, पण सही कुठाय? बिनसहीचा मसुदा म्हणजे नुसता कागद, पोरी. कोर्टात वेगळा दावा लावू. याच्या जोरावर काही होणार नाही."

तर त्या शुक्रवारी आम्ही मागच्या पायरीवर बसून ईस्टरच्या गोड पावांना लोणी लावत होतो. मसुदा आत, टेबलावर. शेजारी क्लिफचं पेन.

आतून आवाज आला.

टिक... टिक...

पेनाचं बटण. लिहिण्याआधी दोनदा दाबायची सवय क्लिफची होती.

टॉफी, त्याची कुत्री, उठली. मागे मागे सरकत अंगणात गेली...

आणि पुन्हा घरात आलीच नाही.

आम्ही आत धावलो. पहिल्या पानाच्या तळाशी दोन अक्षरं होती. सी. एच. क्लिफची आद्याक्षरं.

शाई ओली होती. बोटाला लागली... खाऱ्या पाण्याचा वास.

मावशी आधी हसली! "चौदा वर्षं मागे लागले तेव्हा नाही सुचलं रे गाढवा!"

मग रडली.

शनिवारी तीन पानं. रविवारी आणखी दोन. दर वेळी आम्ही दुसऱ्या खोलीत. दर वेळी टिक... टिक...

"मावशी, जिंकलो आपण!" मी नाचतच होते.

ती मात्र पांढरी पडली होती.

"टेगन, डोकं चालव. वॉरिककडे याची बिनसहीची प्रत आहे. उद्या मूळ कागद बघायला येतोय तो. मेलेल्याच्या सह्या कुणी केल्या म्हणेल?"

माझे पाय जागीच थांबले.

"मीच खोट्या केल्या म्हणेल. मग तो दुसरा दावाही गेला. घर गेलं. वर पोलीस."

सोमवार. फक्त सातवं पान उरलं होतं. सहीचं पान.

मावशीने पेन मुठीत घट्ट धरलं. "क्लिफ, पुरे. फार उशीर केलास रे. आता नको."



मग तिच्या बंद मुठीतून...

टिक...

"जाळ, मावशी!" मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता!"

तिने सातही पानं पेटत्या शेगडीत कोंबली आणि तोंड फिरवलं. तिला बघवत नव्हतं.

मी बघत होते.

सातवं पान सगळ्यात शेवटी पेटलं. उलगडलं... सहीची रेघ दिसली.

रेघेवर 'क्लिफर्ड' लिहिलेलं होतं.

आणि आडनाव... ते अजून उमटत होतं. एकेक अक्षर. आग जवळ येत होती, तसं भराभर.

वॉरिक आला, राख बघून गेला. मावशीचा दावा अजून चालू आहे. घर राहील की जाईल, कुणालाच माहीत नाही.

परवा फोनवर तिने हळूच विचारलं, "शेवटचं पान कोरंच होतं ना गं?"

वादात कुणालाही हरवणारी मी...

"हो मावशी," म्हणाले. "कोरंच."