घंटेचा दोर

सासरे ज्या खडकावर आपटून होडीसकट गेले, तिथे होडीची पितळी घंटा अजून पडून आहे असं कळलं आणि बायकोने ती आणायचं ठरवलं. दिवाणखान्यात खुंटीसुद्धा ठोकून झाली. शीड सांभाळायला तिचा धाकटा भाऊ आला, आणि ओकायला मी.

मेहुणा दोरकाम नुकतंच शिकला होता. दोन दोरांचे पीळ उकलून एकमेकांत विणायचे, की सांधा तयार. पिळांची टोकं थोडी बाहेर राहतात. ती गबाळी दिसतात म्हणून शिडाचा दोर सांधताना त्याने ती मुळापासून छाटली होती. टोकं ठेवायची असतात ना, असं बायकोने विचारल्यावर त्याने सौंदर्यदृष्टीवर व्याख्यान दिलं. होडीच्या तळाशी साचलेल्या, खवले तरंगणाऱ्या काळ्या पाण्यात पाय बुडवून मी ते ऐकलं.

खडक म्हणजे समुद्रपक्ष्यांचं सार्वजनिक शौचालय. त्यावरून रांगत आम्ही घंटेपाशी पोचलो. आत शिंपल्यांचा आणि कुठल्याशा प्राण्याचा लगदा कुजला होता. ही बया होडीत बसणार असेल तर मी पोहत येतो, असं मी जाहीर केलं. म्हणून घंटा दोराने मागे पाण्यात लटकवली. अडकलेल्या नांगरापासून दोर वाचवायला सासरे जी गाठ मारत, ती बायकोने मारली. गाठीचं लांब शेपूट होडीत ठेवायचं. ओढलं की गाठ सुटते, दोर हाती राहतो.

"ताई, ही काय पायजम्याची नाडी आहे?" मेहुणा म्हणाला.

मग वारा फिरला. शीड फुगलं. दोर ताणला गेला. आणि तो देखणा सांधा अलगद सरकत सुटला! शीड मोकाट फडफडू लागलं. होडी आडवी झाली. लाटा आम्हाला खडकाकडे ढकलू लागल्या! मेहुणा हातातल्या टोकाकडे बघत राहिला. धड दोर आता एकच होता, घंटेचा. आधी घंटा वर ओढू, असं मी ओरडलो.

"वेळ नाही," बायको म्हणाली. तिने शेपूट हातात धरलं, क्षणभर नुसतंच धरलं, आणि ओढलं.

दोर हलका होऊन वर आला. तिने तो शिडाला बांधला. शीड पुन्हा भरलं! खडक इतक्या जवळून गेला की त्याची घाण माझ्या कोपराला लागली.

किनाऱ्यापर्यंत तो दोर मीच धरला. त्याला घंटेच्या पोटातला सगळा वास होता. घरी येताच मी साबणाचं पाणी काढलं.

"धुवायचा नाही," बायको म्हणाली.

खुंटीवर आता तो दोर आहे. मेहुणा आला की खिडकीपाशी बसतो. पाहुणे विचारतात, घरात काही मेलंय का? मी चहा पुढे करतो. धुवायचं नाव मात्र आता मीही काढत नाही.